यार्ड सेलला भाव कसे लावू?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, घर बदलतोय म्हणून पुढच्या शनिवारी अंगणात सेल लावणार आहोत. भांडी, मुलांचे कपडे, पुस्तकं, एक जुना क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) आहे. भाव कसे ठरवू?

उत्तर: आपण केवढ्याला घेतलं होतं ते आधी विसरा, जड जातं मला माहितीये, पण लोक तिथे स्वस्त मिळेल म्हणूनच येतात. लहान मुलांचे कपडे एक-दोन डॉलर, पुस्तकं एका खोक्यात घालून वर लिहा ‘कुठलंही ५० सेंट’, प्रत्येकाला टेप लावू नका कव्हर फाटतं. भाव २५ सेंटच्या पटीत ठेवा म्हणजे क्वार्टरमध्ये, २५ सेंटच्या नाण्यात, हिशोब जमतो, सुट्टे आदल्या दिवशीच आणून ठेवा. घासाघीस होणारच तेव्हा मोठ्या वस्तूंना थोडा वरचा भाव लावा. स्टीलच्या भांड्यांना स्टिकर तळाशी चिकटवा. टाउनशिपची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, परमिट लागते का तेही आजच विचारा.

आणि क्रिबचा कठडा खाली सरकणारा असेल तर प्लीज विकू नका, फुकटही देऊ नका, बाळं अडकून गेलीत त्यात, म्हणून जून २०११ पासून अमेरिकेत त्याची विक्री बंद आहे, जुन्याचीसुद्धा. सुटा करून टाकून द्या.