कुलूप लावलं, आता मलाच उघडेना!

प्रश्न: क्लिओपात्रा या फाइल्स एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायच्या प्रोग्रॅममधून एक फाइल मित्राच्या पब्लिक कीने (इतरांना देता येणाऱ्या चावीने) एन्क्रिप्ट केली, मूळ फाइल डिलीट केली, आणि आता .जीपीजी फाइल मलाच उघडत नाहीये. पासफ्रेज तर बरोबर टाकतोय, मग असं का?

उत्तर: अहो, पासफ्रेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या कीचा पासवर्ड, त्याचा इथे संबंधच नाही. फाइल ज्याच्या पब्लिक कीने बंद केली त्याच्याच सिक्रेट कीने (जोडीच्या, फक्त त्याच्याकडे असलेल्या चावीने) उघडते, आणि तुम्ही एन्क्रिप्ट करताना ‘एन्क्रिप्ट फॉर मी’वरची टिक काढलेली दिसतेय, म्हणजे चावी फक्त मित्राकडे. त्यालाच उघडून परत पाठवायला सांगा, येताना तुमच्या कीने एन्क्रिप्ट करून बरं का. पुढच्या वेळी ती टिक राहू द्या.

आणि हो, विचारलं नाहीत तरी सांगतो, स्वतःच्या कीवर राइट क्लिक करून ‘बॅकअप सिक्रेट कीज’ आजच करा, ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, कारण लॅपटॉप गेला तर कीसुद्धा गेली आणि इथे ‘फरगॉट पासवर्ड’ वगैरे काही नसतं. मित्राची की ईमेलने आली असेल तर ती खरंच त्याचीच आहे ना हे बघायला फिंगरप्रिंटचे (कीच्या ओळख-क्रमांकाचे) 40 आकडे-अक्षरं फोनवर एकदा वाचून जुळवा, कंटाळवाणं आहे पण दोन मिनिटांचंच काम.