उपप्रजाती नव्हे, उपजाती. आणि आफ्रिका न पाहिलेला ‘केपचा’ पक्षी

प्रश्न आलाय: ‘अँडीजमधल्या चिंगोलो या चिमुकल्या पक्ष्याच्या दोन डझन उपप्रजाती आहेत’ हे वाक्य बरोबर आहे का?

संख्या ठीक, शब्द चूक. ‘स्पीशीज’साठी ‘प्रजाती’ हे हिंदीचं वळण. वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि आता ऐकून ऐकून कान किटलेत. मराठी विश्वकोशात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजेच वंश. तेव्हा ‘उपप्रजाती’ म्हटलंत की भलत्याच पायरीवर जाता. लोकांना ‘जात’ लिहायचा संकोच वाटतो म्हणून ‘प्र’ चिकटवतात, असा मला संशय आहे. आंब्याच्या जाती सांगताना बरा वाटत नाही!

पण खरी गंमत त्याच्या शास्त्रीय नावात आहे: झोनोट्रिकिया कापेन्सिस. पहिला शब्द ग्रीक, पट्टा आणि केस मिळून झालेला. डोक्यावर काळे पट्टे आहेत, संपलं. ‘कापेन्सिस’ म्हणजे मात्र ‘केपचा’, भूशिराचा. कुठलं केप? ‘केप हॉर्न, कारण पक्षी पार दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, तिएरा देल फुएगोपर्यंत सापडतो’ असं काही जाणकार ठोकून देतात. साफ चूक. १७७६ साली स्टाटियस म्यूलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं ते आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपवरून. हा पक्षी आफ्रिकेत नाहीच! मूळ नमुन्याचं ठिकाण पुढे दुरुस्त केलं गेलं: दक्षिण अमेरिकेतलं केयेन. माझा तर्क असा, की चिठ्ठीवर ‘केयेन’चं पहिलं अक्षर तेवढं धड असणार आणि कुणीतरी ते ‘केप’ वाचलं. पुरावा मागू नका, पण मला हा तर्क फार आवडतो. चूक कळली तरी नाव बदलता येत नाही. जुन्या नावाचा मान पहिला, हा नियमच आहे.

गावावरून नाव म्हटलं की असे घोळ होतातच. आपला पेरू पेरू देशातून आला म्हणून त्याचं नाव पेरू, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अहो, तो पोर्तुगीज ‘पेरा’, म्हणजे नाशपती! उलट चिंगोलोची पेरूव्हिएन्सिस ही उपजाती खरोखर पेरूची, पुलाकायेन्सिस बोलिव्हियातल्या पुलाकायो गावची. ऑस्ट्रालिस म्हणजे नुसती ‘दक्षिणेची’, ऑस्ट्रेलियाशी संबंध नाही. दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियातल्या या उपजातीच्या डोक्यावर ते काळे पट्टेही नसतात. म्हणजे आडनाव पट्टेवाले आणि पट्टा गायब.

आणि इंग्रजीत चिंगोलोला ‘स्पॅरो’ म्हणतात म्हणून त्याला चिमणीच्या कुळात घालू नका. पूर्वी त्याला भारिटांच्या (बंटिंग) कुळात धरत, आता अमेरिकी स्पॅरोंचं कूळच वेगळं केलंय. बोलीही बारा कोसांवर बदलते त्याची: अर्जेंटिनात नोटेबोम या पक्षिगानाच्या अभ्यासकाने १९६९ साली दाखवलं, की जागा बदलली की गाण्याच्या शेवटची थरथर बदलते; रानात संथ, मोकळ्या गवताळ माळावर जलद.

हां, प्रश्न उपप्रजातीचा होता. खोडा आणि उपजाती लिहा.