बँकेतून माहिती गेली, आता खातं बंद करू का?

बँकेतून ग्राहकांची माहिती बाहेर गेली की आमच्या सल्ला केंद्रात हमखास हा प्रश्न येतो. सुनंदाताईही (नाव बदललंय) तोच घेऊन आल्या. वय 58, कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक, यजमान गेल्यावर मिळालेले पैसे मुदत ठेवीत. बँकेचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलं होतं. एका कंत्राटदाराकडून काही ग्राहकांचा तपशील 'अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेला असण्याची शक्यता आहे, कृपया सतर्क राहावे', एवढाच मजकूर. सतर्क म्हणजे नेमकं काय करायचं, ते नाही. अशी पत्रं वाचून मला चीड येते. ज्यांच्या हातून माहिती गेली ते सल्ला देऊन मोकळे, आणि झोप उडते ग्राहकाची.

ताईंची उडालीच होती. रात्री दोन-तीनदा उठून बॅलन्स बघायच्या. एक ठेव मुदतीआधी मोडून रोकड कपाटात ठेवली होती आणि आता कपाटाचीही धास्ती वाटत होती. मुलगा पुण्याहून म्हणायचा, "आई, काही होत नाही गं." असं म्हटल्यानं धीर येत नाही, उलट माणूस पुढचं सांगायचाच थांबतो. त्यामुळे मधे एक संशयास्पद फोन आला होता, हे ताईंनी मुलाला सांगितलंच नव्हतं.

'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यानं त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन, नॉमिनी म्हणून लावलेलं मुलाचं नाव, सगळं धडाधड सांगितलं. मग म्हणाला, "खातं सुरक्षित करायचंय, आत्ता आलेला ओटीपी सांगा." सहापैकी चार आकडे सांगून झाले आणि दारात सिलिंडरवाला आला, म्हणून फोन कट केला. "एवढं सगळं माहीत होतं त्याला, म्हणजे बँकेचाच असणार ना हो?"

खरी मेख इथेच आहे. नाव, पॅन, जन्मतारीख गेली म्हणून खात्यातून पैसे आपोआप जात नाहीत. त्यासाठी अजून ओटीपी किंवा पिन लागतो, आणि तो आपल्याच तोंडून काढायला ही माहिती वापरतात. त्यामुळे 'आपलं सगळं ठाऊक आहे, म्हणजे बँकच' ही खूण आता कुचकामी. पलीकडच्याला जितकं जास्त माहीत, तितक्या लवकर फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा.

दुसरा धोका सावकाश येतो. आपल्या पॅनवर भलताच कुणी कर्ज काढतो. खातं बंद केलं तरी पॅन आणि जन्मतारीख बदलत नाही, म्हणून त्यात काही राम नाही. त्यापेक्षा पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, बघावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या ती नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, चौघींकडूनही तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर नजर राहते. आपला अहवाल आपण पाहिल्यानं पतीचा गुणांक (स्कोअर) घसरत नाही. तो घसरेल अशी भीती बरेच जण बाळगून असतात म्हणून सांगते.

ताईंचा अहवाल आम्ही तिथेच बसून उघडला. त्यांच्या पत्त्याखाली त्या कधीच न गेलेल्या गावचा पत्ता, खाली एक अनोळखी मोबाइल नंबर, आणि एका ॲपवरून घेतलेलं 22,000 रुपयांचं कर्ज. वसुलीचे फोन त्याच नंबरवर जात असणार, यांना कळणार कुठून?

मला वाटलं आता रडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अर्ज कुणाकडे करायचा?"

अहवाल देणाऱ्या कंपनीकडे म्हणजे सिबिलकडे ऑनलाइन तक्रार, कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी पत्र, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद. अशी तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करावा, पत्राला वजन येतं. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करणं, 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहणं, हेही त्याच बैठकीत उरकलं.

खात्यातूनच पैसे गेले असते तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणं महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक दोघांचीही नसून तिसरीकडेच असेल, तर या मुदतीत कळवल्यावरही शून्य. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी. ते चार आकडे आठवून ताई एकदम गप्प झाल्या.

बॅलन्सचं असं ठरलं, की दिवसातून एकदाच, सकाळच्या चहानंतर बघायचा. एसएमएस चालू असताना रात्री बघण्यात काही मिळत नाही. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत. पहिले काही दिवस त्यांनी हे पाळलं नाही, पुढे हळूहळू जमलं. कपाटातली रोकड परत ठेवीत गेली, आणि फोनचं मुलालाही सांगून झालं.

कर्जाची नोंद अहवालातून निघाली आहे. परका पत्ता अजून आहे, त्यासाठी वेगळी तक्रार टाकलीय. 'माझी नेमकी कोणती माहिती गेली?' हे विचारणारं पत्र ताईंनी बँकेत देऊन पोच घेतली होती. महिना उलटला तरी उत्तर नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडचा अर्ज त्यांनी स्वतःच टाइप केला, माझ्या मसुद्यापेक्षा बऱ्याच कडक भाषेत.