सून मेथडिस्ट, आम्ही कॅथलिक, मग परत बाप्तिस्मा द्यायचा का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले कॅथलिक. मुलाचं लग्न बेळगावच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मुलीशी ठरलंय. दीर म्हणतात, ते लोक नुसत्या विश्वासाने तारण, म्हणजे पापातून मुक्ती, मिळते असं मानतात, सत्कर्माला किंमत देत नाहीत, मुलीला परत बाप्तिस्मा द्यायला लागेल. मुलगा म्हणतो १९९९ लाच हा वाद मिटलाय. खरं काय? (एक आई)

उत्तर : ताई, मुलगा बरोबर बोलतोय. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतली प्रोटेस्टंट) चर्चेसच्या जागतिक संघाने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, विषय हाच, माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण १५१७ मध्ये लुथरचं कॅथलिक चर्चशी भांडण सुरू झालं ते ३१ ऑक्टोबरलाच. त्यात दोघं मिळून म्हणतात की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या पुण्याईवर नाही, आणि तोच पवित्र आत्मा मन नवं करून आपल्याला सत्कर्माला लावतो. म्हणजे दीर याकोबाच्या पत्रातलं 'कर्मावाचून विश्वास निर्जीव' दाखवत असतील तर ते पण त्यात बसतंच, कर्म हे तारणाचं फळ आहे, तारणाची किंमत नव्हे. सोळाव्या शतकात एकमेकांच्या शिकवणीवर जे धिक्कार लिहिले गेले ते आज या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असंही दोघांनी लिहून दिलंय, मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं, साडेचारशे वर्षांहून जुनी गाठ होती हो ती!

आणि तुमच्या घरासाठी महत्त्वाचं म्हणजे २००६ मध्ये दक्षिण कोरियात सोलला जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही या जाहीरनाम्याला मान्यता दिली. तसंही सत्कर्माला किंमत नाही असं मेथडिस्ट कधी म्हणतच नव्हते, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचा सगळा भर पवित्र जीवनावर आणि गोरगरिबांच्या सेवेवर होता, हे दिरांना जरूर सांगा.

परत बाप्तिस्म्याचं म्हणाल तर, पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च पुन्हा देत नाही. एकदाच, कायमचा.

पण सगळंच मिटलं असं मी म्हणणार नाही. प्रभुभोजनाचं टेबल अजून वेगळं आहे, मिस्सात (कॅथलिक उपासनेत) सून तुमच्या शेजारी बसेल पण कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजन घेण्याच्या वेळी सहसा जागेवरच राहील, आणि हे मला खरंच टोचतं. पोप, धर्मगुरूंची दीक्षा हे मुद्देही बाकी आहेत. आपल्याकडे सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) १९४७ ला अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रेगेशनल एका छताखाली आणले, पण बेळगावचं मेथडिस्ट चर्च अमेरिकन मिशनच्या परंपरेतलं, ते वेगळंच राहिलं.

लग्नासाठी बिशपांची परवानगी लागते, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा प्रयत्न करीन असं वचन तुमच्या मुलाला द्यावं लागतं, ते सुनेला आधीच मोकळेपणाने सांगा, लपवू नका. आणि तिच्या पास्टरांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, फादर आधी तोच मागतील.