‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ : येथे शेजारी कोण?

प्रश्न असा आला आहे : मराठी बायबलमधील ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या आज्ञेत ‘शेजारी’ म्हणजे घराला घर लागून राहणाराच समजायचा का? आणि ‘प्रेम’ हा रुळलेला शब्द असताना ‘प्रीती’ का?

ही आज्ञा मूळची बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकातील आहे (19:18). तेथील हिब्रू शब्द ‘रेआ’ असा असून सोबती, आपल्यातला माणूस, ज्याच्याशी आपला संबंध येतो तो, इतका त्याचा पैस आहे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यासाठी हिब्रूत ‘शाखेन’ हा वेगळा शब्द आहे आणि ‘दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा’ या अर्थाच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातील वचनात (27:10) तोच वापरला आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘शेजारी’ आल्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे साहजिकच वाडा, चाळ किंवा सोसायटी उभी राहते. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागातील, ग्रीक शब्द ‘प्लेसिऑन’ हाही ‘जवळचा’ एवढेच सांगतो. जवळचा म्हणजे किती जवळचा, हे तो सांगत नाही.

नेमका हाच प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला : ‘माझा शेजारी कोण?’ लूककृत शुभवर्तमानाच्या (लूकने लिहिलेल्या येशूच्या वृत्तान्ताच्या) दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट हे त्याचे उत्तर आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. याजक (मंदिरातील पुरोहित) आला, लेवी (त्याच्या मदतीचा मंदिरसेवक) आला, दोघेही दुसऱ्या बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस. यहूदी आणि शोमरोनी यांचे उपासनेचे स्थान यरुशलेम की गरिज्जीम डोंगर, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते आणि त्यांच्यात व्यवहार जवळजवळ नव्हता. लूकने आदल्याच अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा नाकारल्याचे आणि त्यावर याकोब व योहान या शिष्यांनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची भाषा केल्याचे लिहिले आहे. तो प्रसंग लक्षात ठेवून ही गोष्ट वाचली, तर गोष्टीसाठी हा माणूस निवडण्यात केवढे धाडस होते ते कळते.

गोष्ट संपल्यावर येशू प्रश्नच फिरवतो. शास्त्र्याने ‘शेजारी कोण’ असे विचारले होते. येशू विचारतो, या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? माझ्या मते ख्रिस्ती शिकवणीचा गाभा या ‘झाला’ क्रियापदात आहे. पहिल्या प्रश्नात कोणाचे देणे लागतो आणि कोणाचे नाही, याची हद्द आखून मागितलेली आहे. दुसऱ्या प्रश्नात ती हद्दच उरत नाही आणि चेंडू विचारणाऱ्याकडे जातो. शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द अखेरपर्यंत निघत नाही, तो ‘दया करणारा’ एवढेच म्हणतो. एका परीने तेच उत्तर अधिक अचूक आहे, कारण जातकुळीची खूण गळून केवळ कृती शिल्लक राहिली आहे.

आता ‘प्रीती’. हा शब्द आज प्रियकर-प्रेयसीच्या संदर्भात ऐकू येतो, पण बायबलच्या मराठीत तो ग्रीक ‘अगापे’साठी (दुसऱ्याचे भले करणाऱ्या निःस्वार्थ प्रेमासाठी) रुळला आहे, मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘प्रीतिभोजन’ या शब्दातही तोच अर्थ आहे. मनातल्या ओढीची आज्ञा कोणी देऊ शकत नाही, कृतीची देता येते. म्हणूनच गोष्टीत शोमरोन्याला कळवळा आला हे एकदाच सांगून लूक पुढे सारी कामे मोजतो : जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणे, पट्ट्या बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत रात्रभर शुश्रूषा करणे, सकाळी मालकाला दोन दीनार देणे आणि वरखर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन देणे. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (बोधकथेत) हाच दर आला आहे. म्हणजे दोन दिवसांचा रोज आणि पुढच्या खर्चाची हमी, एवढी ही प्रीती खिशाला लागली.

मराठीत ‘शेजारधर्म’ हा शब्द पूर्वीपासून आहे, परंतु त्यात आज मी, उद्या तू अशी परतफेड गृहीत असते. त्या जखमी माणसाकडून परतफेड मिळण्याची शक्यता नव्हती, त्याने ‘आभारी आहे’ म्हटल्याचेही गोष्टीत नाही. तेव्हा शेजारधर्म हा या आज्ञेचा प्रतिशब्द म्हणून वापरू नये.

‘शेजारी’ऐवजी ‘बांधव’ किंवा ‘मानवमात्र’ लिहावे असे काही जण सुचवतात. ‘बांधव’ने पुन्हा आपला-परका ही रेघ ओढली जाते. ‘मानवमात्र’ इतका विशाल आहे की त्यात नेमके कोणीच दिसत नाही. साऱ्या मानवजातीवर प्रीती करतो असे म्हणणाऱ्याला जिन्यात सामान घेऊन धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला ओलांडून जाता येते. ‘शेजारी’ मात्र आपण निवडलेला नसतो, तो वाटेत येतो. म्हणून हाच शब्द ठेवावा, मात्र आज्ञा उद्धृत करताना तिच्यासोबत शास्त्र्याचा प्रश्न आणि येशूचा उलटा प्रश्न हे दोन्ही द्यावेत.