अमेरिकेत पिकअप ट्रकमध्ये 87 ऐवजी 93 ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर मायलेज वाढेल का?

तुमच्या ट्रकचं मॅन्युअल 87 चालेल म्हणत असेल, तर नाही. गॅलनमागे जास्तीचे पैसे घालवू नका.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब पडला की ठिणगीच्या आधीच पेट न घेण्याची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. 93 च्या गॅलनमध्ये 87 पेक्षा जास्त ऊर्जा नसते. (अमेरिकन पंपावरचा पिवळ्या स्टिकरवरचा 87 म्हणजे आपल्याकडचा साधारण 91. मोजायची पद्धत वेगळी, भारतातून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते.)

खरा फरक पडतो तो टर्बो (हवा दाबून आत भरणाऱ्या) इंजिनात. फोर्ड एफ-150 चं इकोबूस्ट घ्या. मागे जड ट्रेलर, जुलैची दुपार, लांबलचक चढ. अशा वेळी सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, नॉक सेन्सरला ठोका (पेट्रोल अवेळी पेटल्याचा धक्का) जाणवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण जोर आणि मायलेज दोन्ही घटतं. तिथे प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, टाकलंत तर हे गेलेलं परत मिळतं. रिकाम्या ट्रकने ऑफिसला जाताना फरक जाणवणारही नाही.

मॅन्युअलमध्ये प्रीमियम 'रिक्वायर्ड' लिहिलंय की 'रेकमेंडेड', हे नीट वाचा. 'रिक्वायर्ड' असेल तर तिथे काटकसर नको, इंजिनाशी खेळ आहे तो.

मायलेजच हवं असेल तर आधी टायरची हवा बघा आणि हायवेवर ताशी 75 मैलांऐवजी 65 ने चालवा. आणि ई85 (भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) स्वस्त दिसलं तरी लक्षात ठेवा, त्याचं ऑक्टेन जास्त असूनही मायलेज बरंच घटतं.