वही बंद करू का?

प्रश्न : मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमात शिकलेली. सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यायचीय. मोबाइलवरच्या चाचणीत मी 'ऐकून शिकणारी' आणि 'अंतर्मुख' निघाले. म्हणून लिहिणं सोडून नुसती रेकॉर्डिंग ऐकते. ठीक आहे ना?

उत्तर : वही आधी बाहेर काढ, बाई. ती चाचणी तुझी आवड सांगते, काय लक्षात राहील ते नाही. 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे (कुणाला ऐकवून, कुणाला दाखवून) शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. आणि कन्नड लिपी कानानं कशी यायची? तिथला 'म' आणि 'व' जुळे भाऊच. गिरवल्याशिवाय ओळखू येत नाहीत. धडा वाच, पुस्तक मिट, आठवेल तेवढं लिही. दोन दिवसांनी पुन्हा.

'अंतर्मुख'चं म्हणशील, तर बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधेच कुठंतरी असतात. बसमध्ये 'खानापूर ओंदु कोडी' (खानापूर एक द्या) म्हणायला तेवढं पुरतं. (कंडक्टर मराठीत उत्तर देईल, तरी तू कन्नड सोडू नकोस.)

चाचणीचा उपयोग करायचाच, तर तीच प्रश्नावली मैत्रिणीला तुझ्याबद्दल भरायला सांग. जिथं तुमची उत्तरं जुळत नाहीत, त्यावर दोघी बसून बोला.